परदेशातून परतलेल्या घरच्या माणसाला सरकारी भरतीत उतरायचे असेल तर

आखाती देशांत आठ-दहा वर्षे काढून गावी परतलेल्या माणसाचा पहिला महिना पाहुण्यारावळ्यांत जातो आणि दुसऱ्या महिन्यात घरात विषय निघतो की आता इथे सरकारी नोकरीचे काही जमते काय. पवनी असो, दारव्हा असो की मेहकर, तालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयासमोर आम्ही जे अर्ज भरून देणारे बसतो, त्यांच्याकडे हा प्रश्न येतो तेव्हा त्याच्या पाठोपाठ दुसराही हमखास येतो: "परदेशातून आलेल्यांचा वेगळा कोटा असते म्हणतात, तो कोणत्या रकान्यात भरायचा?" असा कोटा महाराष्ट्र शासनाच्या भरतीत नाही आणि केंद्राच्या भरतीतही नाही.

अशा अफवेला खतपाणी घालणारा एक नियम मात्र खरा आहे, पण तो अमेरिकेतला आहे. तिथल्या संघराज्य शासनात १९९० च्या कार्यकारी आदेश क्रमांक १२७२१ नुसार, परदेशी नेमणुकीवर असलेल्या शासकीय कर्मचाऱ्याबरोबर किंवा सैनिकाबरोबर गेलेल्या कुटुंबीयाने तिथे अमेरिकी शासनाच्याच कार्यालयात ५२ आठवडे समाधानकारक काम केले असेल, तर मायदेशी परतल्यापासून ३ वर्षांपर्यंत त्याला नेहमीची स्पर्धा टाळून शासकीय पदावर घेता येते. हा नियम अमेरिकेच्या नागरिकांपुरता आहे आणि कुवेतच्या खासगी कंपनीत वेल्डिंग केलेल्या भंडाऱ्याच्या माणसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्याकडचे भरतीचे नियम नोकरी परदेशात केली याची वेगळी दखल घेत नाहीत, सवलत म्हणूनही नाही आणि दोष म्हणूनही नाही. अडचण होते ती परदेशात गेलेल्या वर्षांमुळे, कारण त्या काळात वय वाढते, गावातल्या नोंदी विस्कळीत होतात आणि काही कागद तिथेच राहून जातात. या तीन गोष्टी कशा सावरायच्या, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी वयाचा हिशेब

राज्य शासनाच्या बहुतेक सरळसेवा (म्हणजे बढतीने नव्हे, थेट भरतीने भरायच्या) पदांसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ वर्षे आणि मागासवर्गीयांची ४३ वर्षे आहे; ही वाढ २०१६ मध्ये झाली. ज्या पदांकडे खेड्यातल्या तरुणांचा ओढा जास्त असतो त्यांची मर्यादा मात्र बरीच खाली आहे. पोलीस शिपायासाठी ती २८ आणि मागासवर्गीयांसाठी ३३ आहे. वनरक्षकासाठी २७ आणि ३२ आहे. महावितरणच्या विद्युत सहाय्यकासाठीही खुल्या प्रवर्गाला २७ वर्षांपर्यंतच अर्ज करता येतो. म्हणजे आयटीआय करून बाविसाव्या वर्षी कतारला गेलेला इलेक्ट्रिशियन सहा वर्षांनी हातात उत्तम काम घेऊन परतला, तरी ज्या पदासाठी तो सर्वांत लायक आहे त्या पदाचे दार त्याच्यासाठी बंद झालेले असते. हे कटू आहे, पण जाण्यापूर्वीच कळलेले बरे.

वय कोणत्या दिनांकास मोजायचे हे प्रत्येक जाहिरातीत लिहिलेले असते आणि एका दिवसानेही फरक पडतो. १० जून १९८७ रोजी जन्मलेल्या उमेदवाराचे वय १ जुलै २०२५ रोजी ३८ वर्षे आणि २१ दिवस होते, त्यामुळे खुल्या प्रवर्गात तो बाद ठरतो. तोच इतर मागास प्रवर्गात असेल तर त्याच्याकडे जवळजवळ पाच वर्षे शिल्लक असतात. करोनानंतर २०२३ मध्ये सर्वांनाच दोन वर्षांची एकवेळची शिथिलता मिळाली होती. लोक अजून तिच्या भरवशावर बसतात. ती तेव्हाच्या जाहिरातींपुरती होती.

विदर्भात वयाची एक वेगळी वाट आहे आणि तिच्याकडे फार घरांचे लक्ष जात नाही. गोसीखुर्द धरणासारख्या प्रकल्पात ज्यांची जमीन किंवा घर गेले, त्या कुटुंबाला प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र मिळते. प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजले जाणारे) आरक्षण आहे आणि वयोमर्यादा ४५ वर्षांपर्यंत आहे. हे प्रमाणपत्र एका कुटुंबातून एकालाच वापरता येते. बहुतेक घरांत ते वडिलांच्या नावाने ट्रंकेत पडलेले असते, किंवा परदेशी गेलेल्या थोरल्याच्या नावाने काढून ठेवलेले असते आणि धाकटा इथे वय घालवत बसतो. कुणाचे वय शिल्लक आहे, कुणाची तयारी आहे, हे घरात बसून ठरवावे आणि बाकीच्या भावंडांच्या संमतीने जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्याकडे हस्तांतरणाचा अर्ज करावा. हे काम जाहिरात निघाल्यावर धावतपळत होत नाही.

विमानात बसण्यापूर्वी तिथून घ्यायचे कागद

काही कागद तिथला निवासी परवाना जिवंत असतानाच सहज मिळतात. परत आल्यावर कंपनीचा फोन कुणी उचलत नाही, ज्या व्यवस्थापकाने सही करायची तो दुसऱ्या देशात गेलेला असतो आणि कंपनीचे नावही कधी कधी बदललेले असते.

पहिला कागद अनुभवाच्या प्रमाणपत्राचा. माझ्या चुलतभावाने सात वर्षे एका कंपनीत अवजड वाहन चालवले आणि येताना चकचकीत कागदावरचे पत्र आणले. त्यात त्याची वागणूक उत्तम असल्याचे आणि त्याच्या भविष्याला शुभेच्छा असल्याचे लिहिले होते. रुजू झाल्याची तारीख नव्हती, सोडल्याची नव्हती, कोणते वाहन चालवले तेही नव्हते. पडताळणीच्या दिवशी ते पत्र टेबलावरून जसेच्या तसे परत आले. अनुभवाच्या पत्रात पदाचे नाव, कामाचे स्वरूप, काम पूर्णवेळ होते की नाही, सुरुवातीचा आणि शेवटचा दिनांक, सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा, एवढे असलेच पाहिजे. पत्र अरबीत असेल तर इंग्रजी प्रतही मागून घ्यावी.

त्यानंतर त्या पत्राचे साक्षांकन, म्हणजे ते खरे असल्याचा सरकारी शिक्का, येते. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल कराराचा सदस्य आहे; या करारातले देश एकमेकांच्या कागदांवरचा एकच ठरावीक शिक्का (अपोस्टिल) मान्य करतात. सौदी अरेबिया, ओमान आणि बहरीनही त्यात आहेत, त्यामुळे तिथल्या सक्षम कार्यालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिरात, कतार आणि कुवेत इथल्या कागदांवर आधी त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग तिथल्या भारतीय दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो. प्रत्येक भरतीत हे मागतात असे नाही, पण अनुभवाला गुण किंवा अट असलेल्या पदांत शिक्का नसलेले परदेशी पत्र कुणी गंभीरपणे घेत नाही.

तिथल्या पोलिसांचे सद्वर्तन प्रमाणपत्रही याच खेपेत काढावे. आणि जुने पासपोर्ट फेकू नयेत. नूतनीकरणानंतर रद्द झालेल्या पासपोर्टवरचे शिक्के हाच तुम्ही कुठे आणि किती काळ होता याचा सर्वांत भक्कम पुरावा असतो.

नावाचे प्रकरण मात्र इथेच निस्तरावे लागते. शाळेच्या दाखल्यावर "रामकृष्ण", तिथल्या ओळखपत्रावर "राम कृष्णा" आणि आडनाव कुठे पुढे, कुठे मागे, असे असेल तर ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. लग्नानंतर पतीसोबत गेलेल्या महिलेचे शिक्षण माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असतो. तिने विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि शासकीय राजपत्रातील नावबदलाची प्रत, दोन्ही तयार ठेवावीत.

चालक आणि परिचारिका यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तिकडचा अवजड वाहनाचा परवाना इथल्या भरतीत चालत नाही, इथलाच लागतो. इथल्या परवान्याची मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ गेला असेल तर नूतनीकरणासाठी चाचणी पुन्हा द्यावी लागते. परिचारिकांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी अर्ज करताना चालू असली पाहिजे. मस्कतच्या रुग्णालयात दहा वर्षे काढली हे खरे असले तरी मुदत संपलेल्या नोंदणीवर आरोग्य विभागाची भरती लढवता येत नाही.

गावातल्या नोंदी

वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र परदेशी जाण्यापूर्वी काढलेले असेल तर तेच आधी शोधावे. नसेल तर आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करावा लागतो, आणि तिथे महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. "तुम्ही तर नऊ वर्षे इथे नव्हताच" असे टेबलापलीकडून ऐकावे लागले तर वाद घालू नये, पण माघारही घेऊ नये. अधिवास म्हणजे माणसाचे कायमचे घर. पोटापाण्यासाठी, ठरावीक मुदतीच्या कामाच्या व्हिसावर आणि परतण्याच्या इराद्याने बाहेर गेल्याने ते बदलत नाही. हे तोंडी सांगण्यापेक्षा कागदांनी दाखवावे: पहिलीपासूनच्या शाळेचा दाखला, आई-वडिलांच्या नावाचा सातबारा, ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सच्या जुन्या पावत्या, तलाठ्याचा रहिवासी दाखला आणि कामाचा व्हिसा दिसणारी पासपोर्टची पाने.

रेशन कार्डावरचे नाव बहुधा कमी झालेले असते, कारण आधारची ई-केवायसी करायला माणूस गावात नव्हता. मतदार यादीतूनही नाव गेलेले असू शकते. ही दोन्ही नावे परतल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात पुन्हा लावून घ्यावीत. याचे कारण स्थानिक पदांच्या संदर्भात पुढे येईल.

जातीच्या प्रमाणपत्राला परदेशातल्या वास्तव्याने बाध येत नाही, कारण तिथे प्रश्न तुमच्या नव्हे तर तुमच्या पूर्वजांच्या वास्तव्याचा असतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव (कायद्याने ठरवून दिलेल्या) दिनांकांपूर्वीचा पुरावा लागतो. आपल्या भागात हा पुरावा कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, सापडतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला की कर्मचारी पिवळ्या पडलेल्या, कडा झडलेल्या वह्यांचा गठ्ठा सोडतो. गावाचे नाव, वर्ष, आणि मग ओळीमागून ओळ. त्यात बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात आणि अपत्य मुलगा की मुलगी, एवढेच असते. ती नोंद आपल्याच आजोबांची आहे हे पटवायला वंशावळ आणि शाळेचा दाखल-खारीज उतारा सोबत जोडावा लागतो. या कामाला महिने लागू शकतात आणि त्यानंतर जात वैधता प्रमाणपत्राचे काम असते, म्हणून परदेशात असलेल्या माणसाच्या वतीने घरच्यांनी ही शोधाशोध आधीच सुरू करावी. वही चाळायला उमेदवार स्वतः हजर लागत नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि मेळघाटातल्या अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी उमेदवारांसाठी इथे दिलासा आहे. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांचा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रातील पदांसाठी स्थानिक उमेदवार म्हणजे तो स्वतः, त्याचा वैवाहिक साथीदार, आई-वडील किंवा आजी-आजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात सातत्याने राहत आलेले असावेत, अशी व्याख्या आहे. आजी-आजोबांचे वास्तव्य सिद्ध झाले की नातवाची मधली परदेशातली वर्षे आड येत नाहीत.

गावातच राहणाऱ्यांसाठीची पदे

याउलट काही पदे अशी आहेत की जिथे आज गावात राहणे हीच मुख्य पात्रता असते. अंगणवाडी सेविकेसाठी महिला त्याच गावची रहिवासी, बारावी उत्तीर्ण आणि १८ ते ३५ वयाची लागते. विधवांसाठी मर्यादा ४० आहे. हे मानधनी पद आहे, शासकीय सेवा नव्हे, पण पतीसोबत परदेशी राहून परतलेल्या महिलेला गावात मिळू शकणारे ते बहुधा पहिले काम असते. पोलीस पाटलासाठी वय २५ ते ४५, दहावी उत्तीर्ण आणि गावचा रहिवासी, अशा अटी आहेत. अशा जागांना हरकती फार येतात. "हा तर दुबईला असतो" एवढा एक अर्ज समोरच्याने दिला की चौकशी लागते. तेव्हा रेशन कार्ड आणि मतदार यादीतली नावे कामी येतात.

ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते आणि वय १८ ते ४० चालते. तिथे स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली असावी अशी अट आहे. मोठा काळ कुटुंबासह तिकडे राहिलेल्यांनी हे वाचून ठेवावे, कारण तिथल्या भारतीय शाळेत मुलाने मराठी घेतलीच नसेल तर घरात कितीही अस्खलित बोलत असला तरी तो इथे अडतो. राज्य शासनाच्या सेवेत असा उमेदवार येऊ शकतो. त्याला नेमणुकीनंतर एतदर्थ मंडळाची मराठी भाषा परीक्षा द्यावी लागते.

उत्पन्नाचा दाखला

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रासाठी कुटुंबाचे मागील आर्थिक वर्षाचे सर्व मार्गांचे एकूण उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असावे लागते, आणि कुटुंबात उमेदवाराचा जोडीदारही येतो. म्हणजे पती मार्चपर्यंत अबूधाबीत पगार घेत होता आणि पत्नीने मे महिन्यात अर्ज केला, तर तो पगार रुपयांत मोजून धरावा लागतो. "परदेशातल्या पगारावर इथे कर लागत नाही, मग दाखवायचा कशाला" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. कर लागत नसला तरी ते उत्पन्नच असते. केंद्राच्या भरतीत आणखी एक अट आहे की कुटुंबाकडे ५ एकर किंवा त्याहून जास्त शेती नसावी, आणि ती शेती ओलिताची आहे की कोरडवाहू, याची तिथे विचारणा नाही. विदर्भातल्या पाच एकर कोरडवाहू कापसाचे उत्पन्न किती असते हे इथल्या कुणालाही सांगायला नको, पण नियम असा आहे.

अपत्ये आणि नागरिकत्व

महाराष्ट्राच्या २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनुसार २८ मार्च २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्ये दोनपेक्षा जास्त होत असतील तर उमेदवार अपात्र ठरतो. तिसरे मूल शारजात जन्मले म्हणून ते मोजणीतून सुटत नाही. प्रतिज्ञापनात ते लपवणे म्हणजे नोकरी लागल्यावर ती घालवण्याची तयारी करणे होय.

आखाती देश जन्मावरून नागरिकत्व देत नाहीत. तिथे जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत झाली पाहिजे. ती राहिली असेल तर आत्ताच चौकशी करावी. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याचे भारतीय नागरिकत्व संपते, आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे) कार्डधारकाला सार्वजनिक नोकरीतील समान संधीचा अनुच्छेद १६ चा हक्क नाही.

अर्ज आणि चारित्र्य पडताळणी

सर्व प्रमाणपत्रे जाहिरातीत दिलेल्या दिनांकापूर्वीची लागतात, बहुधा अर्जाच्या अंतिम दिनांकापूर्वीची. परीक्षा, कागदपत्र पडताळणी आणि काही पदांना शारीरिक चाचणी, अशा निदान दोन-तीन वेळा प्रत्यक्ष हजर राहावे लागते, त्यामुळे तिकडची नोकरी चालू ठेवून हे साधेल असे धरू नये.

अर्ज भरताना जिथे हमखास गाडी अडते ती जागा म्हणजे मोबाइल क्रमांक. ९० दिवस न वापरलेले सिम कंपनी बंद करू शकते आणि तो क्रमांक पुढे दुसऱ्याला मिळतो. आधारला, बँकेला आणि जुन्या भरतीच्या खात्याला तोच क्रमांक जोडलेला असला की ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. माझ्यासमोर बसलेल्या एका उमेदवाराचा ओटीपी अंतिम दिनांकाच्या आदल्या संध्याकाळी असाच कुण्या अनोळखी बाईंच्या मोबाइलवर जात होता. फोन लावून विनंती केली, त्यांनी भल्या मनाने आकडे वाचून दाखवले म्हणून अर्ज गेला. गावी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलून घ्यावा.

निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीसाठी स्वतःची माहिती देणारा साक्षांकन नमुना भरावा लागतो. केंद्राच्या नमुन्यात मागील पाच वर्षांत एक वर्षापेक्षा जास्त काळ राहिलेली ठिकाणे विचारतात. परदेशातल्या वास्तव्याबाबत मात्र वयाच्या २१ वर्षांनंतर एक वर्षापेक्षा जास्त काळ राहिलेली सर्वच ठिकाणे लिहायची असतात, मग ती पंधरा वर्षांपूर्वीची का असेनात. कामगार वसाहत बदलली असेल तर दोन्ही पत्ते लिहावेत. तिथे काही खटला किंवा अटक झाली असेल तर तीही लिहावी. माहिती दडवणे हे स्वतंत्रपणे अपात्रतेचे कारण ठरू शकते, आणि अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराने खरी माहिती देणे आवश्यक असल्याचे सांगितले आहे. हा नमुना भरताना जुने पासपोर्ट शेजारी उघडे ठेवावेत आणि तारखा आठवणीने नव्हे, शिक्के पाहून लिहाव्यात.